विचारा तर खरं : समुद्रातला पाईप खोकतो तेव्हा

मागच्या महिन्यात याच सदरात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की मुंबई हायच्या, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या, प्लॅटफॉर्मवर विहिरीतून नुसतं तेल येत नाही, तेल, पाणी आणि गॅस असं तिन्ही एकाच पाईपातून वर येतं आणि वर आल्यावर ते वेगळं करावं लागतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी नवी मुंबईतली, आणि त्यात नवल नाही म्हणा, पनवेलला ओएनजीसीच्या संशोधन संस्था, उरणला प्लांट, न्हाव्याला सप्लाय बेस, त्यामुळे कामोठे-उलवे पट्ट्यात प्रत्येक सोसायटीत एखादा तरी 'चौदा-चौदा'वाला, म्हणजे चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी असणारा, सापडतोच. तर या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवतो आणि हाच एक घेतो. माझं आयुष्य कंट्रोल लूप, म्हणजे मोजमाप बघून वॉल्व्ह आपोआप हलवणारी यंत्रणा, लावण्यात गेलंय, जिव्हाळ्याचा विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर ऑफशोअरला असतात. परवा फोनवर म्हणाले, रात्रभर स्लग येत होते, डोळ्याला डोळा लागला नाही. स्लग म्हणजे नक्की काय? आणि त्यात धोका असतो का, हे मला खरं खरं सांगा. — एक वाचक, कामोठे

ताई, आधी तुमच्या घरातलंच उदाहरण घेऊ. पाणी एक दिवस बंद असतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही पहिल्यांदा नळ सोडता, तेव्हा काय होतं? आधी नुसती फसफस, हवा. मग एकदम पाण्याचा गोळा असा काही आदळतो की खालची बादली सरकते, मग परत हवा, परत गोळा. नळ खोकतोय म्हणतो ना आपण, तेच. तो जो पाण्याचा गोळा आहे ना, मागे हवा दाबून धरलेला, तो स्लग.

आता हेच समुद्रात. विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म वेगळे असतात आणि जिथे माणसं राहतात, प्रक्रिया होते तो मोठा प्लॅटफॉर्म वेगळा. मधे समुद्राच्या तळावरून पाईपलाईन जाते, कधी काही किलोमीटर, आणि मोठ्या प्लॅटफॉर्मच्या पायाशी आली की ती सरळ उभी वर चढते. या उभ्या पाईपला राइजर म्हणतात. मुंबई हायला पाणी साधारण 75-80 मीटर खोल, म्हणजे आपल्याकडची पंचवीस मजली बिल्डिंग उभी धरा. तळावरची पाईपलाईन जर राइजरकडे येताना थोडी उताराची असेल आणि गॅसचा वेग कमी असेल, तर तेल-पाणी खालच्या वाकात साचतं. साचलं की गॅसची वाट बंद. मागे गॅस येतच राहतो, दाबला जातो, आणि इकडे राइजरमध्ये तेल-पाण्याचा खांब चढत चढत पार वरपर्यंत जातो. त्या खांबाचं वजन एका बाजूला, मागे दबलेला गॅस दुसऱ्या बाजूला, अशी ही रस्साखेच चालते, आणि ज्या क्षणी गॅस वाकाखालून डोकं काढतो त्या क्षणी वरचा खांब हलका व्हायला लागतो, हलका झाला की गॅस आणखी घुसतो, आणि मग सगळंच्या सगळं धाडकन वर येतं. त्यामागून गॅसचा लोंढा. लोंढा संपला की राइजरच्या भिंतीवरचं उरलंसुरलं परत खाली ओघळतं, वाक परत भरतो, परत पहिल्यापासून. काही ठिकाणी हा फेरा काही मिनिटांचा, काही ठिकाणी तासांचा. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर प्रेशरची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते.

तुमचे मिस्टर रात्रभर का जागे होते तर त्याचं कारण हे, की तो गोळा आला की सेपरेटरची, म्हणजे तेल, पाणी आणि गॅस वेगळं करणाऱ्या टाकीची, लेव्हल वर, हाय लेव्हलचा अलार्म, मागोमाग गॅस आला की कॉम्प्रेसर हलतो, फ्लेअरची, म्हणजे जादा गॅस जाळतात त्या चिमणीची, ज्वाला मोठी होते, आणि नीट सांभाळलं नाही तर ट्रिप. धोक्याचं विचारलंत म्हणून सांगतो, लेव्हल किंवा प्रेशर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की प्लांट आपोआप बंद पडतो, ती व्यवस्था माणसाच्या हातावर अवलंबून नसते, त्यामुळे स्लग आला म्हणजे लगेच जिवावर बेतलं असं नाही. पण पाईपाच्या वाकांना हादरे बसतात, उत्पादन थांबतं, आणि शिफ्टवरच्या माणसाची झोप जाते, हे नुकसान खरंच आहे आणि ते नेहमीचंच म्हणून सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. त्यावर उपाय आहेत, पुढे येतात. आणि घरी आल्यावर पहिले दोन दिवस त्यांना झोपू द्या.

तेल पाण्यावर तरंगतं हे तर शाळेत शिकलो. मग मोठी टाकी घ्यायची, थोडा वेळ ठेवायचं, तेल आपोआप वर येईल. एवढ्या यंत्रणेची गरज काय? — निवृत्त शिक्षक, ठाणे

सर, तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. तुम्ही ठाण्यातले, म्हणजे मिसळ खाल्लेली असणारच. तर्री वर तरंगते, बरोबर. पण तोच रस्सा पळीने जोरात घुसळा, तर्रीचे थेंब बारीक होतात आणि परत वर जमायला कितीतरी वेळ घेतात. थेंबाचा आकार, सगळं त्यावर आहे. थेंब निम्मा झाला की वर येण्याचा वेग निम्मा नाही, चौथा हिस्सा होतो, हा स्टोक्सचा नियम. आकडे घालून बघा : 100 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा थेंब, नेहमीच्या तेलाचा, स्थिर पाण्यात एक मीटर वर यायला वीसेक मिनिटं घेतो. 10 मायक्रॉनचा थेंब घ्या, शंभरपट वेळ, म्हणजे जवळजवळ दीड दिवस! प्लॅटफॉर्मवरच्या सेपरेटरमध्ये पाणी काही मिनिटंच थांबतं, आणि दीड दिवस थांबवायचं तर केवढी टाकी लागेल आणि ती भरलेली टाकी समुद्रात खांबांवर कशी उभी करायची? तिथे प्रत्येक टनाचा हिशोब असतो.

म्हणून सेपरेटरनंतर हायड्रोसायक्लोन लावतात. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीची, लांब, निमुळती होत जाणारी नळी, एका भांड्यात अशा कितीतरी. पाणी कडेने आत शिरतं, गरगर फिरतं, आणि त्या फिरण्यात गुरुत्वाच्या हजारपटीच्या घरातला जोर तयार होतो, जड पाणी भिंतीकडे, हलकं तेल मधोमध. मधली तेलाची बारीक दोरी एका बाजूने काढून घेतात, स्वच्छ पाणी दुसऱ्या बाजूने. पाणी आत असतं फक्त दोनेक सेकंद. साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन थ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलासाठी हे विकसित केलं आणि 1980 च्या दशकात ते प्लॅटफॉर्मवर पोचलं. हलणारा एकही भाग नाही. पण एक अट आहे, प्रवाह एकसारखा पाहिजे, आणि सगळी गोची तिथेच आहे.

मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले की वरचा चोक वॉल्व्ह थोडा बंद केला की स्लगिंग थांबतं. मग प्रश्न संपला ना? ऑटोमॅटिक कंट्रोल कशाला? — विद्यार्थिनी, ऐरोली

तुझे सर बरोबर सांगतायत, थांबतं. चोक म्हणजे राइजरच्या वरच्या टोकाचा, प्रवाह कमीजास्त करणारा वॉल्व्ह. तो आवळला की राइजरच्या वर अडथळा येतो, आणि खांब धाडकन सुटायला लागतो तेव्हा तोच अडथळा त्याला आवरून धरतो. पण त्याची किंमत बघ. वॉल्व्ह आवळलास की मागे सगळीकडे प्रेशर वाढतं, थेट विहिरीच्या तळापर्यंत, आणि विहीर तेवढी कमी वाहते. जुन्या विहिरीत आधीच जोर कमी, गॅस लिफ्टवर, म्हणजे आत गॅस सोडून तेलाचा खांब हलका करण्यावर, कशीबशी चालणारी, तिचा गळा आणखी कुठे आवळणार? वर्षानुवर्षं लोकांनी हेच केलं, वॉल्व्ह आवळला, उत्पादन गेलं ते गेलं, आणि शांत झाल्याचं समाधान मानलं.

आता गंमत अशी आहे, की वॉल्व्ह जास्त उघडा ठेवला तरी एकसारखा शांत प्रवाह तिथेही असतो, गणितात असतो, फक्त तो अस्थिर असतो. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचो ना, तसं. काठी सरळ उभी राहू शकते, पण सोडून दिली की पडते. हात सतत इकडे तिकडे हलवत राहिलास तर मात्र उभी राहते. इथे हात म्हणजे चोक वॉल्व्ह आणि डोळे म्हणजे राइजरच्या पायाशी बसवलेला, प्रेशर मोजून वर कळवणारा ट्रान्समीटर. खालचं प्रेशर चढायला लागलं म्हणजे खाली पाणी साचतंय, वॉल्व्ह थोडा उघड, जाऊ दे त्याला. प्रेशर झपकन उतरायला लागलं म्हणजे सुटायची तयारी चाललीय, थोडा आवळ. हे सतत. आणि याचा फायदा असा, की सरासरीत वॉल्व्ह हाताने आवळला असता त्यापेक्षा बराच जास्त उघडा राहतो, मागचं प्रेशर कमी राहतं, तेल जास्त मिळतं, आणि तरी स्लग नाही.

हे नुसतं कागदावर नाहीये. नॉर्वेच्या समुद्रात हॉड ते वालहाल या दोन तेलक्षेत्रांमधल्या 13 किलोमीटरच्या पाईपलाईनवर असा कंट्रोल लावला होता आणि त्याबद्दल 2000 साली एबीबी या कंपनीच्या इंजिनियरांनी लिहिलंय. त्यामागचं गणित ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात स्कोगेस्टाड आणि स्टोर्कास यांनी पुढे नीट उलगडलं, प्रोजेक्टसाठी यांचं काम शोध, तुला समजेल अशा भाषेत आहे.

अडचणी मात्र लिहून ठेव. पहिली म्हणजे समुद्राच्या तळाशी ट्रान्समीटर नसतोच पुष्कळ ठिकाणी, आणि असला तरी बिघडला तर दुरुस्तीला पाणबुड्या लागतो. मग लोक म्हणतात वरच्याच प्रेशरवर चालवू. ते फार अवघड जातं, कारण वरचं प्रेशर वॉल्व्ह हलवल्यावर आधी उलटी दिशा दाखवतं आणि मग खरी, आणि अशा सिग्नलच्या मागे कंट्रोलर जोरात धावला की तोच गोंधळ वाढवतो. दुसरी गोष्ट, वॉल्व्ह जेवढा जास्त उघडा तेवढी त्याची पकड कमी, ऐंशी टक्क्यांवरून नव्वदवर नेलास तरी प्रवाहाला जवळजवळ पत्ताच लागत नाही, म्हणून कुठेतरी थांबावंच लागतं. आणि वॉल्व्ह जर अडकत अडकत चालणारा असेल, दांड्याभोवतीची गळती रोखणारी ग्लँड घट्ट आवळलेली, तर तुझा कितीही सुंदर कंट्रोलर फुकट. साइटवर गेलीस की आधी वॉल्व्हला हात लाव, मग लॅपटॉप उघड.

मी पॅनल ऑपरेटर आहे. आमच्याकडे सेपरेटरची वॉटर लेव्हल एकदम सरळ रेघेत पाहिजे असा आग्रह असतो. लेव्हल सरळ ठेवली तरी ट्रीटेड वॉटरचे सॅम्पल खराब येतात. चूक कुठे होतेय? — एक वाचक, उलवे

दादा, तुमचं पत्र वाचलं आणि मला माझीच एक रात्र आठवली. बरीच वर्षं झाली, एका प्लॅटफॉर्मवर होतो, नाव नको. लेव्हल वरखाली होत होती, मला सांगितलं सरळ कर. मी कंट्रोलरचा गेन वाढवला, इंटिग्रल टाइम कमी केला, म्हणजे लेव्हल जरा हलली की वॉल्व्हने लगेच आणि जोरात धावावं असं केलं, पहाटेपर्यंत बसून अशी रेघ काढली की फूटपट्टी लावून ओढल्यासारखी. खूष होतो. सहाच्या सुमारास लॅबचा केमिस्ट आला, हातात काचेची बाटली. टेबलावर ठेवली. आतलं पाणी कटिंग चहाच्या रंगाचं, आणि वर काठाला काळी कड. तो एवढंच म्हणाला, लेव्हल बघितली, आता पाणी बघ.

मी वॉटर आउटलेटच्या वॉल्व्हचा ट्रेंड, म्हणजे रात्रभराचा आलेख, उघडला, जो रात्रभर उघडायचं मला सुचलं नव्हतं. तो वॉल्व्ह दर मिनिटाला वीसवरून साठ, साठवरून वीस असा उड्या मारत होता. म्हणजे येणारा प्रत्येक हेलकावा मी सेपरेटरमध्ये एक क्षणही न थांबवता जसाच्या तसा पुढे हायड्रोसायक्लोनवर ढकलत होतो. आणि हायड्रोसायक्लोनला प्रवाह कमी झाला की गरगर मंदावते, तेलाची मधली दोरी तुटते, तेल पाण्याबरोबर निघून जातं. प्रवाह फार वाढला की थेंब फुटतात. दोन्हीकडून मार.

त्यात आणखी एक भानगड. हायड्रोसायक्लोनला दोन वॉल्व्ह, एक स्वच्छ पाण्याच्या बाजूला, तो तुमच्या लेव्हल कंट्रोलरच्या हातात. दुसरा रिजेक्टच्या, म्हणजे वेगळं झालेलं तेल बाहेर काढतात त्या, बाजूला, तो प्रेशर ड्रॉपचं गुणोत्तर सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या हातात. हे गुणोत्तर म्हणजे आत येणाऱ्या पाण्यापासून रिजेक्टपर्यंतचा प्रेशर ड्रॉप भागिले आत येणाऱ्यापासून स्वच्छ पाण्यापर्यंतचा ड्रॉप. ते साधारण दीड ते दोनच्या आसपास धरतात, म्हणजे एक ते तीन टक्के पाणी तेलाबरोबर रिजेक्टला जातं. आता लेव्हलवाला वॉल्व्ह उड्या मारतोय म्हटल्यावर हे गुणोत्तर पण उड्या मारणार, रिजेक्टवाला त्याच्यामागे धावणार, त्याच्या धावण्याने परत प्रवाह बदलणार. दोघेही आपापल्या जागी इमानदारीने काम करतायत आणि दोघांच्या मधे पाणी घाण होतंय. डेन्मार्कमध्ये ऑलबोर्ग विद्यापीठाच्या एस्बियर्ग केंद्रात नेमकं यावरच काम झालंय, त्यांनी राइजर, सेपरेटर आणि हायड्रोसायक्लोन असं सगळं प्रयोगशाळेतल्या एका मांडणीत जोडून अभ्यास केला. मला ते फार पटतं, कारण पाणी कुठे खराब झालं याचं उत्तर पाणी जिथे बाहेर पडतं तिथे नसतं, ते पुष्कळदा मागे, राइजरच्या वाकात असतं.

त्या सकाळी मी काय केलं तर गेन उतरवला, इंटिग्रल टाइम लांबवला, आणि हाय आणि लो अलार्मच्या मधे लेव्हलला फिरायला मोकळीक दिली. अलार्मच्या जवळ गेली तरच कंट्रोलर जोर करणार, एरवी निवांत. रेघ वेडीवाकडी झाली. दुपारचं सॅम्पल आलं ते आरपार दिसत होतं. सेपरेटर ही आयती मिळालेली टाकी आहे, हेलकावे पोटात घ्यायला. लेव्हल सरळ ठेवणं म्हणजे ती टाकी असून नसल्यासारखी करणं. एक मात्र बघा, मोकळीक देताना पाणी आणि तेलाची हद्द वियरच्या, म्हणजे सेपरेटरमधल्या आडव्या भिंतीच्या, वर जाऊ देऊ नका, नाहीतर पाणी थेट तेलाच्या कप्प्यात.

केमिकलचं पण तपासा. डीमल्सिफायरचा, म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण फोडणाऱ्या रसायनाचा, पंप बहुतेक ठिकाणी एका ठरलेल्या वेगाने चालतो, म्हणजे सरासरीला हिशोब बरोबर, पण गोळा आला तेव्हा कमी आणि नुसता गॅस आला तेव्हा जास्त. आणि तुमच्या वरिष्ठांना पटवायचं असेल तर वाद घालू नका, लेव्हलच्या रेघेशेजारी आउटलेट वॉल्व्हची रेघ लावून दाखवा, आठ तासांची, बस.

आम्ही करंजाचे, दर्यावर जाणारे. प्लॅटफॉर्मवरून पाणी समुद्रात सोडतात म्हणे. त्यात तेल असतं का? किती? — एक वाचक, करंजा, उरण

दादा, सरळ सांगतो. असतं. साफ केलेल्या पाण्यातही थोडं तेल राहतंच, शून्य होत नाही. आपल्याकडे ऑफशोअरसाठी मर्यादा लिटरला 40 मिलिग्रॅमची आहे, शंभरातल्या 95 तपासण्या त्याच्या आत पाहिजेत आणि 100 मिलिग्रॅमच्या वर तर कधीच जाता कामा नये. त्यात पाणी मिसळून आकडा खाली आणायचा नाही, हेही नियमातच आहे. उत्तर समुद्रातल्या देशांनी ठरवलेली मर्यादा 30 ची आहे. 40 मिलिग्रॅम म्हणजे किती, तर एक लिटरच्या बाटलीत तेलाचा साधारण एक थेंब. ऐकायला कमी वाटतं, पण एक लाख लिटरमागे चार किलो होतात, आणि फिल्ड जसजसं जुनं होतं तसतसं तेलापेक्षा पाणीच जास्त येतं. मुंबई हायला 1974 साली तेल सापडलं, 1976 पासून उत्पादन चालू आहे, म्हणजे ते आता तरुण फिल्ड नाही.

आणखी एक. हायड्रोसायक्लोन थेंब काढतो, पाण्यात विरघळलेली रसायनं काढत नाही, त्याला वेगळी यंत्रणा लागते. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात त्याबद्दलही तुम्ही लिहिलंय, पण ते जहाजांमधूनही येतात, नुसत्या डोळ्याने बघून कुठल्या गोळ्याचा बाप कोण हे सांगता येत नाही, त्यासाठी लॅबमध्ये तेलाचा ठसा जुळवावा लागतो. माझं म्हणणं एवढंच, की सरासरी मर्यादेत आहे यावर समाधान मानू नये. स्लग येतो त्या दहा मिनिटांत जे पाणी जातं ते दिवसाच्या सरासरीत लपून जातं, आणि मासे काही सरासरीत पोहत नाहीत. म्हणून सॅम्पल केव्हा घेतलं हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, जरूर विचारा.

कॉलेजच्या प्रदर्शनात हे दाखवता येईल का? खर्च कमी पाहिजे. — विद्यार्थी, कोपरखैरणे

येईल, आणि करच. पारदर्शक पीव्हीसी नळी घे, साधारण पाऊण इंच, पाच-सहा मीटर. त्यातली तीनेक मीटर टेबलावर किंचित उतारावर ठेव, मग उरलेली सरळ उभी, दोन मीटर तरी. उताराच्या वरच्या टोकाला टी आकाराच्या जोडाने पाणी आणि हवा दोन्ही सोड, पाण्यासाठी छोटा पंप, हवेसाठी माशांच्या टाकीचा पण जरा जोरकस. आता महत्त्वाचं, हवेचा पंप थेट जोडू नको. मधे वीस लिटरचा पाण्याचा जार घट्ट बूच लावून जोड, त्यातून हवा पुढे जाऊ दे. तो जार म्हणजे तुझी किलोमीटरभर पाईपलाईन. तो नसेल तर हवेचं प्रेशर लगेच चढतं, पाण्याला साचायला वेळच मिळत नाही आणि स्लग तयारच होत नाही, पुष्कळ मुलं इथेच अडकतात आणि म्हणतात सर होत नाहीये. जार गळत नाही ना ते साबणाच्या फेसाने बघून घे.

पाण्यात खाण्याचा रंग टाक. हवा अगदी हळू ठेव. उभी नळी भरत जाईल, वाकात पाणी थांबेल, आणि मग पहिला बुडबुडा वाकाखालून डोकावेल तेव्हा कॅमेरा तिथेच धर, वर नको, सगळे वर धरतात. मग वरच्या टोकाला साधा बॉल वॉल्व्ह लावून तो हळूहळू आवळत जा आणि कुठल्या खुणेला उड्या थांबतात ते नळीवर मार्करने लिही. वॉल्व्हच्या समोर तोंड नको, आणि खाली मोठी बादली ठेव.